कोळ्याचा पोर आणि पाण्याला घाबरला?

(पत्र लांब होतं, थोडं कापून देते आहे.)

‘ताई, मी वरळी कोळीवाड्यातला, वय २६. बाबांची बोट आहे. मी मात्र लोअर परळला एका जाहिरात कंपनीत व्हिडिओ एडिटिंग करतो. कर्नाटकातल्या मुलकीला जाऊन सर्फिंग शिकलो आणि वेडच लागलं. गेल्या जुलैत ग्रुपबरोबर बालीला गेलो. उलुवाटूला गुहेतून पाण्यात शिरलो, हात मारत बाहेर पोचलो आणि मोठा सेट आला, म्हणजे पाठोपाठ मोठ्या लाटांची रांग. बाकीचे ओरडायला लागले, एक जण तर चक्क हसत होता. माझे हातपाय गार पडले, तोंडाला कोरड, पोटात ढवळायला लागलं. मी बाजूच्या खोल पाण्यात जाऊन बोर्डावर नुसता बसून राहिलो. शेवटी एका लहान लाटेवर पोटावर पडूनच परत आलो. वर आल्यावर उलटी झाली. कड्यावरच्या टपरीतून कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो ग्रुपवर अजून फिरतो. खाली लिहिलेलं असतं, “कोळ्याचा पोर आणि पाण्याला घाबरला.” बाबांना सांगितलं तर म्हणाले, “फळीवर उभं राहायला विमानाने गेलास?” आणि हसत सुटले.

आता ठरवलंय, भीती मोडायचीच. रोज सकाळी क्लबच्या तलावात जोरजोरात श्वास घेऊन मग पाण्याखाली दम धरतो. आणि या जुलैत मोठ्या भरतीच्या दिवशी वरळी किल्ल्यामागून एकटाच बोर्ड घेऊन उतरणार आहे. मोठी लाट बघून बाकीच्यांना जो आनंद होतो तो मला का होत नाही? मी भित्रा आहे का?

ता. क. ग्रुप डिसेंबरात पोर्तुगालमधल्या नाझारेला लाटा बघायला चाललाय. जाऊ की नको?’

प्रिय वरळीकर,

आनंदाचं नंतर बोलू. तलावातला उद्योग आजपासून बंद कर. पाण्याखाली ‘आता वर ये’ म्हणून जी कासाविशी होते, ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, प्राणवायू संपल्यामुळे नव्हे. जोरजोरात श्वास घेऊन तू तो कार्बन डायऑक्साइड आधीच बाहेर टाकतोस. मग कासाविशी उशिरा होते, प्राणवायू मात्र त्याच्या वेळेला संपतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. हातपाय न मारता, आवाज न करता. काठावरच्याला वाटतं, पोरगा दम धरून बसलाय. उत्तम पोहणारी माणसं अशी गेली आहेत. मोठ्या लाटांवर जाणारे दम धरण्याचा सराव करतात हे खरं, पण समोर शिक्षक असतो, जोडीदार हाताच्या अंतरावर असतो आणि जोरजोरात श्वास घेण्याचं हे खूळ त्यात नसतं.

किल्ल्यामागून उतरण्याचा बेतही रद्द. दर पावसाळ्यात टीव्हीवर ‘आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ असं सुरू झालं की मला टीव्हीवर चप्पल फेकावीशी वाटते. महापालिका जी यादी काढते तिच्यातला तो आकडा भरतीचा असतो, म्हणजे पाण्याची पातळी कुठवर चढणार याचा. लाट किती उंच उठेल हे वाऱ्यावर आणि दूरच्या वादळावर ठरतं. मोठ्या भरतीचं उधाण कशाला म्हणतात आणि छोट्या भरतीची भांग कशाला, हे तू चालायला लागायच्या आधीपासून ऐकत आला असशील, त्यामुळे तुला हे शिकवणं म्हणजे आगाऊपणाच. पण बेत करताना तू टीव्हीवाल्यांसारखाच विचार केलास, म्हणून लिहिलं. उधाणाची भरती आणि वर नैऋत्येचा वारा असला की वरळीला लाट खडकावर, भिंतीवर आपटून मागे फिरते आणि येणाऱ्या लाटेशी धडकते. उलुवाटूला तुला बसायला बाजूचं खोल पाणी मिळालं, इथे तशी जागाच नाही. पाणी कुठलं कुठलं येऊन मिसळलेलं असतं ते सोड. तू अडकलास तर काढायला कोण उतरणार? अग्निशमन दलाचे जवान, नाहीतर तुझ्याच वाड्यातली पोरं. तुझी भीती मोडायला त्यांचा जीव पणाला लावायचा अधिकार तुला नाही.

आता तो आनंद.

त्या ओरडण्याला तू आनंद समजलास, पण त्यातला बराचसा भाग कामाचा असतो. क्षितिजावर पाण्याची रेघ काळी पडलेली ज्याला पहिल्यांदा दिसते तो ‘आउटसाइड!’ म्हणून ओरडतो. म्हणजे सगळ्यांनी हात मारत बाहेरच्या बाजूला सुटा, नाहीतर लाट डोक्यावर फुटेल. उरलेल्या आरोळ्या एकमेकांना धीर द्यायच्या आणि छातीत दाटलेलं बाहेर सोडायच्या. आणि जो हसत होता तो घाबरला नव्हता हे तुला कोणी सांगितलं? भीतीने हसू फुटतं, जांभया येतात, काहींना लघवीला लागते, तुला उलटी झाली. ज्याच्या त्याच्या शरीराची तऱ्हा. व्हिडिओत मात्र फक्त तुझी तऱ्हा आली.

या खेळातल्या नामांकितांचं बघ. १७ ऑगस्ट २००० रोजी ताहितीतल्या तेआहुपो इथे लेअर्ड हॅमिल्टनने अशी एक जाड, वजनदार लाट घेतली की सर्फिंगच्या इतिहासात तिचं वेगळं पान झालं. ती संपल्यावर हा धिप्पाड गडी बाजूच्या पाण्यात बसून रडला. ग्रेग नोलने डिसेंबर १९६९ मध्ये हवाईच्या मकाहाला आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लाट घेतली आणि त्यानंतर तो मोठ्या लाटांपासून जवळजवळ बाजूलाच झाला. त्याला कोणी पळपुटा म्हटलं नाही. ब्राझीलचा रोद्रिगो कोशा २०१४ साली नाझारेला मरता मरता वाचला, मग कित्येक महिने त्याला वाईट स्वप्नं पडायची. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याच ठिकाणी त्याने ८० फुटांची लाट घेऊन विक्रम केला. तू म्हणशील, बघा, शेवटी गेलाच ना? गेला. पण मध्ये तीन वर्षं गेली. तुला एका जुलैपासून दुसऱ्या जुलैपर्यंत सगळं उरकायचंय.

ब्राझीलच्या माया गबेराची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्यासारखीच तिचीही फजिती कॅमेऱ्यात सापडली. ऑक्टोबर २०१३ मध्ये नाझारेला ती एका प्रचंड लाटेवरून पडली. पायाचं हाड मोडलं, पाण्यात शुद्ध हरपली. तिचा साथीदार कार्लोस बुर्ले जेट स्की घेऊन तिच्यामागे गेला, कसंबसं तिला वाळूवर आणलं आणि तिथे छाती दाबून तिला परत आणावं लागलं. हे सगळं जगाने पाहिलं. मोठमोठ्या नावांनी जाहीरपणे म्हटलं की या बाईने तिथे जायलाच नको होतं. तिच्यावर पाठीच्या शस्त्रक्रिया झाल्या. ती परत आली, २०१८ च्या जानेवारीत तिथेच ६८ फुटांची लाट घेतली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत साडेत्र्याहत्तर फुटांची. तिला दमा आहे, हेही जाता जाता. पण ती जगली कशामुळे, हा भाग लोक सांगताना गाळतात. बुर्ले होता म्हणून. पाण्यात दुसरा माणूस होता, त्याच्याकडे वाहन होतं, त्याला छाती दाबता येत होती. तुझ्या जुलैच्या बेतात असा कोण आहे?

आणि जी माणसं परत आली नाहीत तीही नवशिकी नव्हती. मार्क फू हा हवाईचा कसलेला सर्फर २३ डिसेंबर १९९४ रोजी कॅलिफोर्नियाच्या मॅव्हरिक्सला बुडून मेला. मार्सिओ फ्रेइरे अनेक वर्षं मोठ्या लाटांवर काढलेला माणूस, जानेवारी २०२३ मध्ये नाझारेला सराव करताना गेला.

घाबरून अख्ख्या जमातीने एखादी जागा सोडून दिल्याचंही उदाहरण आहे. हवाईच्या वायमिया उपसागरात १९४३ साली डिकी क्रॉस नावाचा तरुण मोठ्या लाटांत सापडून नाहीसा झाला. त्यानंतर तिथल्या पट्टीच्या सर्फरांनी हिवाळ्यातल्या मोठ्या लाटांचा तो उपसागर टाळला, तो थेट १९५७ पर्यंत. तेव्हा नोल आणि त्याचे सोबती उतरले, तेही बराच वेळ काठावर बघत बसल्यावर. आज तिथेच एडी ऐकाऊ या जीवरक्षकाच्या नावाने स्पर्धा होते. ती ठरलेल्या तारखेला होत नाही. लाटेचा दर्शनी भाग चाळीसेक फुटांचा झाला तरच होते, त्यामुळे बहुतेक वर्षी होतच नाही. २०२३ साली ती ल्यूक शेपर्डसनने जिंकली. तो त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून ड्युटीवर होता. मधल्या सुट्टीत पाण्यात गेला, लाटा घेतल्या, परत ड्युटीवर हजर झाला. मला हा माणूस फार आवडतो.

तर घाबरणं सगळ्यांचं सारखंच. फरक पडतो तो, माणूस कधी घाबरतो आणि मग काय करतो त्याने. लाटेच्या माथ्यावर पोचल्यावर, बोर्ड खाली झुकलेला असताना मागे ओढणं सगळ्यात धोक्याचं. लाट तुला सोबत उचलते आणि पुढे उलथून टाकते, आणि उलुवाटूला खाली प्रवाळ आहे. लाट फुटते ती तिच्या उंचीच्या जेमतेम सव्वापट खोलीच्या पाण्यात, म्हणजे खाली फार पाणी नसतंच. मोठ्या लाटेवर ‘जाऊ की नको’ ही चर्चा करायला वेळ नसतो असं अनुभवी मंडळी सांगतात ते याचसाठी. तू ती चर्चा आधी संपवलीस. सेट पाहिलास, आपलं काम नाही हे ओळखलंस, बाजूच्या पाण्यात गेलास, थांबलास, झेपेल ती लाट निवडलीस आणि कुणाच्याही मदतीशिवाय परत आलास. भरतीला त्या गुहेतून परत आत शिरणं सोपं नसतं, चुकलं की प्रवाह पुढे घेऊन जातो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुझ्या व्हिडिओत मला एक माणूस सगळं बरोबर करताना दिसतो. दिसायला तो केविलवाणा दिसतो एवढंच.

बरं, तुझ्या शरीराने उगाच बोंब मारली का? तसंही नाही. तू मुलकीला कंबरेएवढ्या, छातीएवढ्या लाटांवर तयार झालास. बालीला जुलैत जी लाट येते ती हजारो किलोमीटर खाली, दक्षिण महासागरातल्या वादळात जन्मलेली असते. एका माथ्यापासून दुसरा माथा यायला सोळा-सोळा सेकंद लागतात. अशी लाट खोल पाण्यात ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगाने येते आणि दोन माथ्यांमध्ये ४०० मीटर अंतर असतं. आपल्याकडे वाऱ्याने उठणारी सहा सेकंदांची लाट ताशी ३४ किलोमीटरची, अंतर साठ मीटरही नाही. उंची सारखी दिसली तरी मागून ढकलणारं पाणी कितीतरी जास्त, आणि एक घनमीटर समुद्राचं पाणी म्हणजे हजार किलोच्या वर वजन. तुझे डोळे लहानपणापासून पाण्यावर आहेत. त्यांनी हा फरक ग्रुपमधल्या इतरांच्या आधी पकडला असेल, असं माझं आपलं मत.

आता त्या टोमण्याकडे येऊ. तुला तो इतका लागला कारण त्यात घराणं आलं. पण कोळ्याचं घराणं म्हणजे काय? १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग होड्या लोटायच्या हा रिवाज तर सरकारी आदेशाच्या कितीतरी आधीचा. या दिवसांत बोटी शाकारून ठेवलेल्या असतात, जाळी विणली जातात. तेव्हा वाड्यात येऊन कुणी तांडेलाला ‘घाबरलास का रे’ विचारतं? हंगामातही हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा उंच लाटांचा इशारा आला की बोटी बंदराला लागतात. पाण्यावर पोट असलेला माणूस रोज हिशेब करतो. हौसेला गेलेल्या तुझ्या मित्राला तो करावा लागत नाही, म्हणून त्याला तो दिसलाही नाही. ग्रुपवर एकदाच लिही: ‘व्हिडिओ काढून टाका, मला आवडत नाही.’ खुलासा नको, हसणाऱ्या चेहऱ्याचं चित्र नको. त्यानंतरही जो टाकेल त्याच्याबरोबर समुद्रात जाऊ नकोस. तू बुडायला लागलास तर तो आधी मोबाइल काढेल.

बाबांशी भांडू नकोस. फळीवर उभं राहण्यात त्यांना अर्थ दिसत नाही, आणि खरं सांगू, मासळी न आणता समुद्रातून परत येणाऱ्या माणसाकडे त्यांनी कौतुकाने बघावं ही अपेक्षाही जरा जास्तच आहे. पण त्यांना एक विचार. अर्ध्या वाटेतून बोट कधी फिरवलीत? काय पाहून फिरवलीत? ढग, वारा, पाण्याचा रंग, की नुसतंच मन म्हणालं? आणि बरोबरचे खलाशी काय बोलले? बहुतेक त्या रात्री जेवण गार होईल. तुला पाहिजे असलेलं शिक्षण मुलकीत आणि बालीत अर्धंच मिळालंय, उरलेलं घरात बसलंय.

तुला मोठ्या लाटांकडे जायचंच असेल तर जा, मी अडवणारी कोण. पण जाणारे कसे जातात ते बघ. गॅरेट मॅकनमारा २०१० साली नाझारेला पोचला तेव्हा त्याने आधी तळ समजून घेण्यात वेळ घातला, त्यात पोर्तुगालच्या नौदलाचीही मदत झाली. ७८ फुटांची लाट त्याने घेतली ती नोव्हेंबर २०११ मध्ये. २०१० सालीच शेन डोरियन मॅव्हरिक्सला पाण्याखाली दोन लाटांभर दाबला गेला, मरणाच्या दारातून आला, आणि त्यातून त्याने दोरी ओढली की फुगणारं जॅकेट तयार करवलं. आज मोठ्या लाटांवर जाणारे तसं जॅकेट घालतात. म्हणजे भीतीचं त्याने जॅकेट केलं. तू सध्या एवढं कर: पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरनंतर, शिक्षकाच्या नजरेखाली पुन्हा सुरू कर. तुला सरावाच्या आहेत त्याहून थोड्याच मोठ्या लाटा घे. छाती दाबून श्वास देण्याचं प्रशिक्षण घे आणि ज्यांच्याबरोबर जातोस त्यांनाही घ्यायला लाव. आणि पाण्यात शिरण्यापूर्वी, कोरड्या कपड्यात असतानाच ठरव की आज किती मोठं आलं तर मी बाजूला होणार. ते जोडीदाराला मोठ्याने सांग.

आणि छातीएवढ्या लाटांवरच तुला मजा येत असेल, पुढे जावंसं वाटतच नसेल, तर तेही सांगून टाक. मुलकीची सकाळची लाट आयुष्यभर पुरते. तुझ्या पत्रात मोठ्या लाटेची ओढ मला एका ओळीतही दिसली नाही. दिसली ती चिडवणाऱ्यांची. परत एकदा वाचून बघ.

राहिलं नाझारे. खर्च झेपत असेल तर जा, अगदी त्याच ग्रुपबरोबर जायला हवं असं नाही. ऑक्टोबर ते मार्च हा मोठ्या लाटांचा काळ, पण डिसेंबरात गेलास म्हणून लाट भेटेलच असं नाही. दिवसेंदिवस समुद्र साधाच असतो, तेव्हा तिकीट काढताना हाताशी थोडे दिवस ठेव. कड्यावर जुना किल्ला आहे, त्यावर दीपगृह. तिथून बघायचं. समोर समुद्राच्या तळाशी सव्वादोनशे किलोमीटर लांबीची दरी आहे, काही ठिकाणी पाच किलोमीटर खोल. दरीवरून येणारी लाट वेगात येते, बाजूच्या उथळ भागावरची मागे रेंगाळते, किनाऱ्याजवळ दोन्ही वळून एकमेकींवर चढतात आणि पाण्याची भिंत उभी राहते. ऑक्टोबर २०२० मध्ये सेबास्टियन श्टॉइटनरने तिथे घेतलेली लाट ८६ फूट, म्हणजे २६.२१ मीटर मोजली गेली. वरळीच्या जुन्या बीडीडी चाळीच्या साधारण दुप्पट.

पण फक्त किल्ल्यावर बसू नकोस. नाझारे मुळात मासेमारांचं गाव. १९८०च्या दशकात बंदर झालं, त्याआधी होड्या वाळूवरूनच लाटांमध्ये लोटायच्या आणि लाटांमधूनच परत आणायच्या, किनाऱ्यावर बायका वाट बघत उभ्या. त्या अजूनही वाळूवर जाळ्यांच्या चौकटींवर मासळी सुकवतात. आपल्या आयाबायांसारख्याच भाव करतात की नाही ते मला कळव, आणि बाबांसाठी थोडी सुकी मासळी घेऊन ये. विमानतळावर काय नियम आहेत ते आधी बघ, आणि पिशवी नीट बांध, नाहीतर अख्ख्या विमानाला कळेल.

तुझी,
ताई